मुतियान्यूचा २३ वा बुरूज: भिंत कुठे संपते आणि ‘रानातली भिंत’ कुठे सुरू होते

बीजिंगहून लेकराबाळांसह एका दिवसात चीनची भिंत चालून यायची, तर बहुतेक कुटुंबं बादालिंग किंवा मुतियान्यू निवडतात. मुतियान्यू शहराच्या ईशान्येला साधारण ७० किलोमीटरवर आहे. तिथला डागडुजी केलेला भाग २३ बुरुजांचा. २३ व्या बुरुजापुढेही भिंत जातेच, पण झाडोऱ्यातून, ढासळलेल्या विटांवरून. तिथे ‘पुढे जाऊ नये’ अशी पाटी आहे. ती का आहे, हे कळायला भिंतीची गेली पन्नास वर्षं बघावी लागतात. दोन हजार वर्षांमागे जायची गरज नाही.

जुन्या काळाचं थोडक्यात सांगता येतं. सहाव्या शतकात याच डोंगररांगेवर एक भिंत होती. तिच्या अवशेषांवर मिंग राजवटीच्या काळात, १३६८ नंतर, नवी भिंत उभी राहिली. १४०४ मध्ये इथे खिंडीचं ठाणं झालं. खरा बदल झाला तो १५६८ नंतर. दक्षिणेच्या किनाऱ्यावर चाच्यांशी लढलेला एक सेनापती उत्तरेला नेमला गेला. तोवरचे बुरूज भरीव होते: शिपाई उघड्यावर उभे, दारूगोळा पावसात भिजलेला. त्याने आतून पोकळ बुरूज बांधवले. खाली धान्य आणि शस्त्रं, वर पहारा, प्रत्येक बुरुजात तीस ते पन्नास माणसं. असे हजाराहून जास्त बुरूज उठले. आज ज्यांच्या खिडकीत बसून मुलं डबा खातात, ते हेच. मुतियान्यूत दोन्ही कडांना जंग्यांचे कठडे आहेत. इतर बऱ्याच ठिकाणी ते फक्त शत्रूच्या बाजूला दिसतात.

१६४४ मध्ये राज्य बदललं, सरहद्द भिंतीच्या पलीकडे गेली आणि भिंतीचं काम संपलं. विटा घरांना, गोठ्यांना लागल्या. विसाव्या शतकातही लागत राहिल्या. बादालिंग १९५० च्या दशकात दुरुस्त होऊन पर्यटकांना खुलं झालं. १९८४ मध्ये भिंत वाचवण्यासाठी देशभर वर्गणीची मोहीम निघाली, १९८७ मध्ये ती जागतिक वारसा यादीत आली, १९८८ मध्ये मुतियान्यू रीतसर उघडलं. म्हणजे पायाखालचा दगड जुना असला, तरी चालण्याजोगी वाट चाळीसेक वर्षांचीच आहे.

आता ‘रानातली भिंत’ या शब्दाकडे. डागडुजी न झालेल्या भागाला चिनी बोलण्यात ‘ये चांगचंग’ म्हणतात. ‘चांगचंग’ म्हणजे लांब भिंत. ‘ये’चं भाषांतर सरसकट ‘जंगली’ केलं जातं आणि तिथेच घोटाळा होतो. जंगली म्हटलं की साहस, अस्सलपणा, गर्दी नसलेली जागा डोळ्यांपुढे येते. पण ‘ये’मध्ये निगा नसलेलं, वाऱ्यावर सोडलेलं असाही अर्थ आहे. मराठीत ‘पडीक’ हा शब्द जास्त जवळचा. कोणी त्याला ‘रानातली भिंत’ म्हटलं तर ठीक, पण ‘खरी भिंत’ म्हणणं चूक आहे. खरी दोन्हीकडची आहे. एकीकडे फक्त पाय ठेवण्याची सोय केली आहे.

कायद्यातही असाच गुंता आहे. १ डिसेंबर २००६ पासून लागू झालेल्या संरक्षण नियमांनुसार, पर्यटनासाठी न उघडलेल्या भागावर आयोजित कार्यक्रम करायला बंदी आहे. मग ‘आयोजित’ कशाला म्हणायचं? वाटाड्या घेऊन गेलेलं पाच जणांचं कुटुंब त्यात बसतं का? ही पळवाट वर्षानुवर्षं वापरली गेली. जियानको, म्हणजे मुतियान्यूशेजारचा पडीक भाग, तिथून मुतियान्यूपर्यंतची चाल तिच्यामुळेच प्रसिद्ध झाली. पुढे स्थानिक पातळीवर चढायलाच मनाई करणाऱ्या पाट्या लागल्या. हे योग्यच झालं. जियानकोच्या बाजूला विटांचा चुना सुटलेला आहे. कडेच्या विटेवर भार टाकला की ती हलते, आणि खाली उतरताना हात धरायला उरतं ते एखादं झुडूप. त्याची मुळंच भिंत फोडत असतात. प्रत्येक पाऊल थोडी भिंत खाली पाडतं. सह्याद्रीत गडाच्या ढासळलेल्या तटावरून चालायची सवय असलेल्यांनीही हे लक्षात घ्यावं.

उलट टोकाची चूकही झाली. लिआओनिंग प्रांतातल्या शिआओहकोउ भागात २०१४ च्या सुमारास काही किलोमीटर भिंतीवर सपाट थर ओतला गेला. २०१६ मध्ये त्याचे फोटो पसरले आणि देशभर संताप झाला. पायऱ्या, कठडे, सगळं एका पट्टीखाली गाडलं गेलं होतं. त्यानंतर जियानकोच्या काही भागाची दुरुस्ती मात्र पडलेल्या विटा शोधून, खेचरांवरून सामान चढवून, कमीत कमी हात लावून झाली. ती खडबडीत दिसते. तशीच दिसायला हवी.

लांबीचा आकडाही ‘भिंत’ कशाला म्हणायचं यावर ठरतो. २००९ मध्ये मिंग भिंत ८,८५१.८ किलोमीटर जाहीर झाली, पण त्यातले २,२३२.५ किलोमीटर डोंगरकडे आणि नद्या आहेत. २०१२ चा २१,१९६ किलोमीटरचा आकडा सगळ्या राजवटींचा मिळून आहे.

प्रत्यक्ष दिवसासाठी दोन गोष्टींवर सगळं अडतं. पहिली, बस. बीजिंगमधल्या दोंगझिमेनहून ९१६ क्रमांकाच्या बसने मुतियान्यूच्या वाटेवरच्या ह्वायरौपर्यंत जाऊन तिथून पुढे जाता येतं. वाटेत कोणी ‘इथेच उतरा’ म्हणून हाक मारली तर उतरू नये. ते टॅक्सीसाठी गिऱ्हाईक शोधत असतात. थेट पर्यटक बस मुलांसोबत सोयीची.

दुसरी, वर जायची सोय. बंद केबिनची केबल कार १४ व्या बुरुजाशी पोहोचवते; उघड्या खुर्च्यांचा पाळणा आणि उतरायची घसरगाडी ६ व्या बुरुजाशी आहे. या दोन वेगवेगळ्या व्यवस्था, परतीचं तिकीट एकमेकांवर चालत नाही. त्यामुळे १४ वर चढून ६ ला घसरगाडीने उतरायचं असेल, तर दोन्हींची एकेरी तिकिटं घ्यावीत. मधली चाल बरीचशी उताराची, मुलांसोबत तासभराची. पाऊस आला की घसरगाडी बंद होते. मग ६ वरून पायऱ्यांनी उतरा, नाहीतर चढून परत १४ वर.

१९ ते २० हा जिना उभा आहे. पायऱ्यांची उंची सारखी नाही, एक वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी. उतरताना लहान मूल तोंड भिंतीकडे करून उतरवावं. माणशी दीड लिटर पाणी खालूनच न्यावं, लघवीला खालूनच जाऊन यावं. १ ते ७ ऑक्टोबर हा सुट्टीचा आठवडा टाळावा. आणि २३ व्या बुरुजाशी, पाटीपाशी, मागे फिरावं.