नदीतल्या धातूंचा माग: गाळ, अळी, मासा, घार

अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात ब्यूटला तांब्याच्या खाणी होत्या आणि शेजारी ॲनाकोंडाला भट्टी. खाणींतला टाकाऊ गाळ अनेक दशके ओढ्यांत सोडला जाई. जून १९०८ च्या महापुराने तो क्लार्क फोर्क नदीच्या काठांवर पसरवला. खाली मिलटाउनला त्याच वर्षी बांधून झालेल्या धरणामागेही तो साठत गेला. १९८१ मध्ये धरणाशेजारच्या विहिरींत आर्सेनिक सापडले. २००८ मध्ये धरण फोडले, पण काठांवरचा गाळ पुष्कळसा तिथेच आहे.

अशा नदीचे बाटलीभर पाणी तपासले तर ते त्या तासापुरतेच बोलते. उन्हाळ्यात काठावरच्या ओल्या गाळातून तांब्याचे निळसर-हिरवे क्षार वर चढून पृष्ठभागावर फुलतात. वादळी पावसाच्या एका सरीने ते नदीत उतरतात आणि ट्राउट मासे मरतात. दुसऱ्या दिवशीचे पाणी मात्र स्वच्छ निघू शकते.

म्हणून आधी गाळ पाहायचा. संथ पाण्याच्या कडेला नुकताच बसलेला वरचा एक-दोन सेंटिमीटर थर प्लास्टिकच्या चमच्याने घ्यायचा आणि नदीच्याच पाण्यात ०.०६३ मिलिमीटरच्या जाळीतून चाळायचा. धातू कणांच्या पृष्ठभागाला चिकटतात, त्यामुळे बारीक कणांवर ते जास्त असतात. न चाळता एकीकडची वाळू आणि दुसरीकडचा चिखल यांची तुलना केली, तर धातूंऐवजी कणांच्या आकाराचाच फरक मोजला जातो. जाळी नायलॉनची हवी. पितळी चाळणी म्हणजे तांबे आणि जस्त! शोधायचे तेच धातू आपण नमुन्यात मिसळणार. बाटल्याही आम्लाने धुतलेल्या हव्यात.

गाळात धातू आहेत म्हणजे ते सजीवांत शिरले, असे मात्र नाही. ते सांगतात दगडांच्या बेचक्यांत रेशमी जाळे विणून वाहते कण गाळून खाणाऱ्या कॅडिस माशीच्या अळ्या. त्या फारशा हलत नाहीत, म्हणून त्या जागेचा महिनोन्‌महिन्यांचा हिशेब त्यांच्या अंगात असतो. पकडल्यावर त्यांना काही तास नदीच्या पाण्यात ठेवून आतडे रिकामे होऊ द्यावे लागते, नाहीतर पोटातला गाळच अळीच्या नावावर जमा होतो. प्रत्येक ठिकाणी एकाच जातीच्या, साधारण एकाच आकाराच्या अळ्या घ्यायच्या, कारण धातू शोषण्याची प्रत्येक जातीची क्षमता वेगळी असते.

कोण कोणाला खातो हे नायट्रोजन-१५ या समस्थानिकावरून, म्हणजे नायट्रोजनच्या किंचित जड अणूवरून, कळते. अन्नसाखळीत पायरीगणिक ते दर हजारी सुमारे ३.४ ने वाढते. या वाढीसमोर धातूचे प्रमाण मांडले की पारा चढताना दिसतो. तांबे आणि शिसे बहुधा चढत नाहीत, उलट उतरतात. म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाहीत. क्लार्क फोर्कमधले किडे खाऊ घातलेल्या ट्राउटच्या पिलांची वाढ खुंटली आणि जगण्याचे प्रमाणही घटले. माशाचे नुसते मांस तपासले तर तांबे निसटते, ते यकृतात साठते. पारा मात्र मांसातच शोधावा लागतो. ऑक्सिजन नसलेल्या चिखलात जिवाणू त्याचे मिथाइल पारा हे सेंद्रिय संयुग करतात, आणि ते प्रथिनांना धरून राहते.

साखळीच्या टोकाला आहे मत्स्यघार (ऑस्प्रे). हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर येते तीच जात. मॉन्टानात रक्त तपासतात ते घरट्यातल्या पिलांचे. प्रौढ घारी दूर दक्षिणेकडून परततात, त्यामुळे त्यांच्या अंगातला पारा नेमका कुठला हे सांगता येत नाही. पिले मात्र आसपासच्याच माशांवर वाढतात. त्यांच्या रक्तातला पारा फ्लिंट क्रीक हा ओढा नदीला मिळतो त्याच्या खाली वाढलेला आढळला. या ओढ्याच्या खोऱ्यात पूर्वी पारा वापरून खनिजातून चांदी आणि सोने वेगळे करत असत.