थंड कॉफीच्या ग्लासात कोण कुठून आलं

थंड, गोड, स्वादाची कॉफी घरी करायची तर आज सामान ठरलेलं आहे. कॉफी, बर्फ, दूध, साखर किंवा सिरप, आणि व्हॅनिला, कॅरामल, हेझलनट यांपैकी एखादा स्वाद. काम पाच-दहा मिनिटांचं. पण या सामानाची कुळकथा काढायला बसलं की गंमत वाटते. कॉफी सोडली तर यातलं जवळजवळ काहीच कॉफीसाठी जन्माला आलेलं नाही. कुणी सैनिकांच्या शिध्यातून आलं, कुणी सोड्याच्या ग्लासातून, कुणी चॉकलेटच्या कपातून. जे जे सोयीनं हाताशी आलं ते कॉफीत पडत गेलं आणि टिकलं.

थंड कॉफीचा इतिहास बहुतेक ठिकाणी अल्जीरियातल्या माझाग्रानपासून सुरू होतो. फेब्रुवारी १८४० मध्ये मोस्तागानेम शहराजवळच्या या लहानशा किल्ल्यात १२३ फ्रेंच सैनिक वेढ्यात सापडले आणि त्यांनी किल्ला राखला. इथपर्यंत इतिहास. पुढची कथा ऐकीव आहे : कॉफीत घालायला दुसरं काही नसल्यानं त्यांनी गोड कॉफीत गार पाणी ओतून प्यायला सुरुवात केली आणि ती सवय घेऊन ते फ्रान्सला परतले. खरं-खोटं काही असो, एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या कॅफेंमध्ये उंच ग्लासात मिळणाऱ्या कॉफीला माझाग्रान म्हणू लागले. माझ्या मते या कथेला गरजेपेक्षा जास्त मान मिळाला आहे. तिच्यात गार पाणी आहे, बर्फ नाही. आणि थंड कॉफीचं सगळं घोडं बर्फापाशीच अडलेलं होतं.

उन्हाळ्यात बर्फ मिळणं ही तेव्हा चैन होती. तिचा धंदा केला तो बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं. १८०६ मध्ये त्यानं गोठलेल्या तळ्यांतून कापलेला बर्फ जहाजात भरून कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर नेला. तिथं बर्फ साठवायला जागाच नव्हती, तो वितळला आणि ट्यूडर बुडाला. तरी त्यानं नाद सोडला नाही. लाकडाच्या भुश्श्यात बर्फ बांधायचा, बंदरावर जाड भिंतींची बर्फघरं उभारायची, अशी घडी बसवत त्यानं धंदा उभा केला. १८३३ मध्ये त्याचं ‘टस्कनी’ जहाज १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं, तेव्हाही सुमारे १०० टन शिल्लक होता.

यंत्रानं बर्फ करण्यामागेही पेयांचा विचार नव्हता. फ्लॉरिडातले डॉक्टर जॉन गोरी यांना तापाच्या रुग्णांच्या खोल्या थंड ठेवायच्या होत्या. त्यांना बर्फयंत्राचं पेटंट १८५१ मध्ये मिळालं, पैसा मात्र कधीच मिळाला नाही. पुढं १८७०च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांच्या शीतयंत्रांना पहिली गिऱ्हाइकं मिळाली ती बिअर बनवणाऱ्यांची. घराघरांत बर्फ येण्याचं निमित्त म्हणजे विजेचा फ्रिज. १९२७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचा ‘मॉनिटर टॉप’ बाजारात आला, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत अमेरिकेत मनात येईल तेव्हा बर्फाचे खडे काढणं साधी गोष्ट झाली. घरच्या थंड कॉफीचं वय, असं पाहिलं तर, शंभर वर्षांचंही नाही.

बर्फ आला तसा साखरेचा प्रश्न आला. गार कॉफीत साखर विरघळत नाही, असं सगळेच म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. शून्य अंशालाही १०० ग्रॅम पाण्यात जवळपास १८० ग्रॅम साखर मावते. म्हणजे जागा भरपूर असते, अडचण वेगाची असते. गार पाण्यात दाणे इतके सावकाश विरघळतात की ग्लास संपतो तरी तळाशी साखर उरते. दुसरी अडचण जिभेची आहे. गोडाची जाणीव मेंदूपर्यंत पोचवणारी एक यंत्रणा तापमानाप्रमाणे तेज किंवा मंद होते, हे २००५ साली संशोधकांनी दाखवलं. त्यामुळे गरम असताना नेमकी वाटलेली कॉफी गार झाल्यावर बेताची गोड लागते. वितळलेलं आइस्क्रीम नको इतकं गोड का लागतं, त्याचंही कारण हेच.

थोडक्यात, थंड कॉफीला साखर जास्त लागते आणि ती आधीच विरघळलेली असावी लागते. आज घरी समभाग साखर आणि पाणी गरम करून सिरप करून ठेवतात ते यासाठी. पण घरोघरी सिरप होण्याच्या कितीतरी आधी विरघळलेली साखर डब्यात बंद होऊन आली होती, दुधाच्या रूपात.

अमेरिकेत गेल बॉर्डन यांनी १८५६ मध्ये निर्वात भांड्यात दूध आटवण्याचं पेटंट घेतलं. जहाजावर नासक्या दुधानं मुलं दगावलेली पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगतात. दूध आटवून त्यात भरपूर साखर घातली की जंतूंना वाढायला पाणीच मोकळं राहत नाही आणि डबा फ्रिजशिवाय टिकतो. कंडेन्स्ड मिल्कमध्ये वजनाच्या सुमारे ४० ते ४५ टक्के साखर असते ती चवीपुरती नव्हे, टिकण्यासाठी. अमेरिकन यादवी युद्धात हे डबे सैन्याच्या शिध्यात गेले. १८६६ मध्ये पेज बंधूंनी स्वित्झर्लंडमधल्या चाम इथं अँग्लो-स्विस कंडेन्स्ड मिल्क कंपनी काढली, जी १९०५ मध्ये नेस्लेत विलीन झाली. तोवर असे डबे आशियातल्या बंदरांवरही उतरू लागले होते.

व्हिएतनाममध्ये १८५७ मध्ये फ्रेंच मिशनऱ्यांनी कॉफीचं रोप नेलं. ताजं दूध तिथं दुर्मीळ, त्यामुळे कॉफीत कंडेन्स्ड मिल्क पडलं. छोट्या धातूच्या फिल्टरमधून थेंबथेंब उतरणारी जाड कडू कॉफी, तळाशी कंडेन्स्ड मिल्क आणि वर बर्फ. हाताशी होतं त्यातून झालेली ही तडजोड, पण दूध आणि साखरेचा प्रश्न तिनं एका चमच्यात सोडवला. आजही कमीत कमी खटपटीत घरी उत्तम थंड कॉफी हवी असेल तर मी याच पद्धतीकडे बोट दाखवीन. फक्त बर्फ घालण्याआधी, कॉफी गरम असतानाच, तळापासून नीट ढवळायचं.

आता स्वाद. व्हॅनिला मूळची मेक्सिकोतली. अ‍ॅझ्टेक लोक ती कोकोच्या पेयात घालत. स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली, वेल इतरत्र लावून पाहिली. वेल वाढायची, फुलायची, पण शेंग धरायची नाही. परागीकरण करणाऱ्या मेक्सिकोतल्या मधमाश्या तिथं नव्हत्या, आणि फूल उमलतं ते जेमतेम एक दिवस. बेल्जियममध्ये शार्ल मोरँ यांनी १८३६ मध्ये हातानं परागीकरण करून दाखवलं, तरी मळ्यात चालेल अशी युक्ती सापडायची होती. ती १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाला सापडली. बारीक काडीनं फुलातला पडदा उचलायचा आणि अंगठ्यानं पराग दाबायचे, इतकंच. आजही जगभर व्हॅनिला जवळपास सगळी अशीच हातानं धरवली जाते. आल्बियसला १८४८ मध्ये गुलामगिरीतून मुक्ती मिळाली; त्याच्या युक्तीवर इतरांचे मळे पिकले आणि तो १८८० मध्ये गरिबीतच गेला.

इतक्या हातकामाची वस्तू महागच राहणार होती. १८७४ मध्ये जर्मनीत फर्डिनांड टिमान आणि विल्हेल्म हारमान यांनी पाइन वृक्षातल्या एका द्रव्यापासून व्हॅनिलिन तयार केलं आणि होल्त्समिंडेन इथं त्याचा कारखाना निघाला. व्हॅनिलाचा मुख्य गंध आता शेंगेशिवाय मिळू लागला. बाजारातल्या बहुतेक ‘व्हॅनिला’ पदार्थांत आज कारखान्यातलंच व्हॅनिलिन असतं. यात नाक मुरडण्यासारखं काही मला दिसत नाही. भरपूर बर्फ, दूध आणि कडक कॉफीच्या गर्दीत शेंगेचे बारकावे फारसे हाती लागत नाहीत. चांगली शेंग खिरीसारख्या सौम्य पदार्थासाठी राखून ठेवावी.

सिरपच्या बाटल्यांचा प्रवासही आडवळणाचा. फ्रान्समध्ये बूर्जला जॉर्ज मोनँ यांनी १९१२ मध्ये सिरप आणि लिकर म्हणजे गोड मद्यांचा धंदा सुरू केला. सॅन फ्रान्सिस्कोत रिनाल्डो आणि एझिल्डा तोरे या इटालियन दांपत्यानं १९२५ मध्ये तोरानी काढली, इटलीतल्या लुक्का गावाहून आणलेल्या पाककृतींवर. त्यांचे सुरुवातीचे पाच स्वाद होते बडीशेपेसारखा अ‍ॅनिस, डाळिंबाचा ग्रेनडीन, लिंबू, बदामाचा ओर्झा आणि चिंच. कॉफीला यातलं काही सुचलं नसतं. ही सिरपं सोडावॉटरमध्ये घालून प्यायची होती. ती कॉफीत सर्रास पडू लागली १९८०च्या दशकात, अमेरिकेत एस्प्रेसो (यंत्रानं दाबाखाली काढलेली कडक कॉफी) आणि लाटे (भरपूर दूध घातलेली एस्प्रेसो) यांचं वेड वाढलं तेव्हा. इटलीच्या दक्षिण टोकाला लेचेच्या भागात मात्र एस्प्रेसो बर्फावर ओतून बदामाच्या गोड दुधाबरोबर घेतात. स्वादाची थंड कॉफी म्हणजे अमेरिकी खूळ, असं म्हणणाऱ्यांनी ती एकदा करून पाहावी.

पुढचा पाहुणा इन्स्टंट कॉफी. १९२९च्या मंदीनंतर कॉफीचे भाव कोसळले, ब्राझीलची गोदामं तुंबली, पोतीच्या पोती जाळण्याची वेळ आली. या साठ्याचं टिकाऊ काही करता येईल का, अशी विचारणा नेस्लेकडे झाली. मॅक्स मॉर्गनथालर यांच्या अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १ एप्रिल १९३८ रोजी नेसकॅफे स्वित्झर्लंडमध्ये विक्रीला आली. दुसऱ्या महायुद्धात ती अमेरिकन सैनिकांच्या शिध्यात शिरली.

१९५७ मध्ये ग्रीसच्या थेसालोनिकी इथल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात नेस्लेची मंडळी मुलांसाठी शेकरमध्ये हलवून करायचं एक चॉकलेट पेय दाखवत होती. तिथल्या दिमित्रिस वाकोन्दियोस नावाच्या कर्मचाऱ्याला कॉफीची तल्लफ आली, पण गरम पाणी मिळेना. त्यानं नेसकॅफे, साखर आणि गार पाणी त्याच शेकरमध्ये टाकून हलवलं. वर आलेल्या घट्ट फेसामुळे फ्रापे जन्मली आणि ग्रीसचं उन्हाळी पेय होऊन बसली. फवारून वाळवलेल्या इन्स्टंट कॉफीत तेल जवळपास नसतं, म्हणून तिचा फेस बसत नाही. तेल फेसाचा वैरी. साखरही हलवतानाच घालायची असल्यानं तळाशी राहण्याचा प्रश्न मिटतो, आणि गिऱ्हाइकाला किती गोड हवं ते आधीच सांगावं लागतं.

दुकानी थंड कॉफीची गोष्ट सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. बर्फासकट घुसळलेल्या गोड कॉफीचं फ्रापुचिनो हे नाव बॉस्टनच्या परिसरातल्या कॉफी कनेक्शन या दुकानांचं. स्टारबक्सनं ती १९९४ मध्ये विकत घेतली आणि १९९५ च्या उन्हाळ्यात स्वतःची फ्रापुचिनो आणली. त्याच सुमारास स्टारबक्स आणि पेप्सीनं मिळून ‘माझाग्रान’ नावाची फसफसती थंड कॉफी बाटलीत भरून पाहिली. ती साफ आपटली. बर्फासकट घुसळणारी यंत्रंही मूळची दुकानातलीच. स्टीफन पोप्लॉव्स्की यांनी १९२२ मध्ये पेटंट घेतलेलं मिक्सरचं भांडं माल्टेड मिल्क या दुधाच्या पेयासाठी होतं.

खास थंड कॉफीसाठीच जन्मलेलं असं काही असेल तर ती काढण्याची पद्धत. जपानमध्ये गार पाणी थेंबथेंब सोडून तासन्‌तास कॉफी उतरवण्याची रीत जुनी आहे. अमेरिकेत टॉड सिम्पसन या रसायन अभियंत्यानं १९६४ मध्ये ‘टॉडी’ हे घरगुती साधन आणलं : जाडसर दळलेली कॉफी गार पाण्यात रात्रभर भिजवायची, गाळायची आणि तो अर्क लागेल तसा पातळ करून घ्यायचा. कडवटपणा आणि आंबटपणा कमी, गोड सिरपशी जमवून घेणारी चव. दुसरी रीत गरम कॉफी थेट बर्फावर उतरवण्याची. तिचं गणित सोपं आहे. ९० अंशांची १०० ग्रॅम कॉफी ५ अंशांवर आणताना साधारण १०० ग्रॅम बर्फ वितळतो, म्हणजे कॉफी निम्मी पातळ होते. म्हणून ती दुप्पट कडक काढायची. घरच्या थंड कॉफीबद्दलची ‘पाणचट झाली’ ही तक्रार बहुतेक वेळा इथंच उगम पावते.

२०२० मध्ये महासाथीनं लोक घरी बसले तेव्हा दक्षिण कोरियातून डालगोना कॉफी जगभर पसरली. नाव तिथल्या साखरेच्या मिठाईवरून घेतलेलं. इन्स्टंट कॉफी, साखर आणि गरम पाणी समभाग घेऊन घट्ट फेस येईपर्यंत घोटायचं आणि तो बर्फ घातलेल्या दुधावर ठेवायचा. भारी बियांची ताजी फिल्टर कॉफी घेऊन अनेकांनी हे करून पाहिलं आणि हात दुखवून घेतले. ती पातळ असते, तिच्यात तेलही असतं, त्यामुळे फेस धरत नाही. इथं इन्स्टंटच लागते.