जंतू दिसण्याआधीचे उपाय

कोरोनाच्या विषाणूची जनुकीय रचना जानेवारी २०२० मध्येच जाहीर झाली होती. तरी लस येईपर्यंत जवळपास वर्षभर जगाची मदार राहिली ती अंतर राखणं, आलेल्या माणसाला वेगळं ठेवणं, सीमा बंद करणं अशा जुन्यापुराण्या उपायांवर. ज्यांनी हे उपाय रूढ केले त्यांना जंतू म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. साथींच्या इतिहासात मृतांच्या आकड्यांइतकीच ही गोष्ट बघण्यासारखी आहे.

इ.स.पू. ४३० मध्ये अथेन्समध्ये साथ पसरली. तीतून स्वतः वाचलेल्या थ्युसिडिडीस या ग्रीक इतिहासकारानं नोंदवलंय, की बरे झालेले लोक आजाऱ्यांची सेवा निर्धास्तपणे करत, कारण तो रोग पुन्हा झाला तरी जिवावर बेतत नसे. कारण माहीत नसताना केलेलं हे अगदी अचूक निरीक्षण.

प्लेगची पहिली मोठी लाट सहाव्या शतकातली, सम्राट जस्टिनियनच्या काळातली. दुसरी ऑक्टोबर १३४७ मध्ये जहाजांतून सिसिलीच्या मेसिना बंदरात उतरली आणि चार-पाच वर्षांत युरोपातली किमान एक तृतीयांश माणसं गेली. फ्रान्सच्या राजानं कारण विचारलं, तेव्हा पॅरिस विद्यापीठाच्या वैद्यक शाखेनं १३४८ मध्ये उत्तर दिलं: १३४५ साली कुंभ राशीत झालेली शनी, गुरू आणि मंगळ यांची युती! सामान्य लोकांनी याहून भयंकर उत्तर शोधलं. ज्यूंनी विहिरींत विष कालवलं, अशी आवई उठली. ज्यूही प्लेगनं मरताहेत, हे पोप सहावे क्लेमेंट यांनी सांगून पाहिलं; तरी फेब्रुवारी १३४९ मध्ये स्ट्रासबुर्गमध्ये शेकडो ज्यूंना जाळण्यात आलं.

उपयोगाचं काम केलं ते बंदरांच्या कारभाऱ्यांनी. रागुझा म्हणजे आजचं दुब्रोव्हनिक. हे शहर व्यापारावर जगत होतं, त्यामुळे बंदर कायमचं बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. १३७७ मध्ये तिथं नियम झाला, की प्लेगग्रस्त भागातून येणाऱ्यानं आधी तीस दिवस बाहेर काढावेत, मगच शहरात शिरावं. पुढे ही मुदत अनेक ठिकाणी चाळीस दिवसांची झाली. व्हेनिसनं १४२३ मध्ये प्लेगच्या रुग्णांसाठी एका बेटावर स्वतंत्र रुग्णालयच उभारलं. उपाय अर्धामुर्धाच होता, कारण माणसं थोपवली तरी उंदीर थांबत नव्हते. प्लेगचा जंतू सापडायला १८९४ उजाडलं, आणि उंदरांवरच्या पिसवांचा त्यातला वाटा फ्रेंच डॉक्टर सिमों यांनी १८९८ मध्ये दाखवला, तोही बराच काळ कुणी मानला नाही.

कॉलऱ्याची कथा आणखी विचित्र. हा रोग दुर्गंधीनं होतो, यावर एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक डॉक्टरांची श्रद्धा होती. १८५४ मध्ये लंडनमध्ये डॉक्टर जॉन स्नो यांनी घराघरांतल्या मृत्यूंचा माग काढत ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपापर्यंत मजल मारली आणि त्याचा दांडा काढायला लावला. (साथ तोवर ओसरू लागली होती, हे त्यांनीही मान्य केलं.) त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो पाचिनी यांनी सूक्ष्मदर्शकातून कॉलऱ्याचा जंतू पाहिला, त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची घाण असह्य झाली आणि दुर्गंधी हटवण्यासाठी लंडननं प्रचंड भुयारी गटारं बांधली. समज चुकीचा होता, पण मैला पाण्यापासून दूर गेला. १८६६ मध्ये कॉलरा परतला तो प्रामुख्यानं शहराच्या पूर्व भागात, जिथं हे काम पुरं झालं नव्हतं.

१९१८ च्या इन्फ्लुएंझात तर डॉक्टर भलत्याच जिवाणूवर लशी बनवत होते. माणसातला इन्फ्लुएंझाचा विषाणू वेगळा काढता आला तो १९३३ मध्ये. तोवर सुमारे पाच कोटी माणसं दगावली होती, असा एक अंदाज आहे.

देवीच्या बाबतीत मात्र जुनं आणि नवं एकत्र आलं. इंग्लिश डॉक्टर जेन्नर यांनी १७९६ मध्ये लस टोचली तेव्हा विषाणू ही कल्पनाही नव्हती. १९६७ नंतरच्या निर्मूलन मोहिमेनं तिला शोधमोहिमेची जोड दिली. रुग्ण हुडकायचा, वेगळा ठेवायचा आणि त्याच्या संपर्कातल्या सगळ्यांना टोचायचं. नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात सापडला. शेवटचा मृत्यू मात्र १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये एका महिलेचा झाला. ज्या इमारतीत देवीवर संशोधन चाले, तिथंच ती काम करत होती. मे १९८० मध्ये निर्मूलनाची घोषणा झाली. विषाणूचे अधिकृत साठे आज अमेरिका आणि रशियातल्या एकेका प्रयोगशाळेत आहेत, आणि ते नष्ट करायचे की ठेवायचे, हा वाद सुरूच आहे.