हिन्सडेल काउंटी (कोलोरॅडो)

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्याच्या नैर्ऋत्य भागातील डोंगराळ काउंटी (जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग). क्षेत्रफळ सुमारे २,९०९ चौ. किमी.; लोकसंख्या ७८८ (२०२०). मुख्यालय लेक सिटी. नगर म्हणून नोंदलेले गाव हे एवढेच, आणि काउंटीतील निम्म्याहून अधिक माणसे तिथेच राहतात. मुलूख गोव्याच्या पाऊणपटीहून थोडा मोठा, पण माणसे एखाद्या मध्यम गावठाणात मावतील एवढी. सरासरी काढली तर साडेतीन चौरस किलोमीटरमागे एक माणूसही येत नाही. तरीही निवडून आलेले तीन आयुक्त, शेरीफ, न्यायालय, शाळा हा कारभाराचा सगळा डोलारा इथे आहे, कारण माणसे कमी म्हणून काउंटीचा मूळ कारभार सुटत नाही.

एवढ्या जागेत एवढी कमी माणसे का, याचे मुख्य उत्तर जमिनीच्या मालकीत आहे. काउंटीतील ९५ टक्क्यांहून अधिक जमीन संघराज्य सरकारची आहे: राष्ट्रीय वने, भूव्यवस्थापन विभागाची जमीन आणि वेमिनूच, ला गारिता व अनकम्पाग्रे ही आरक्षित रानक्षेत्रे. रानक्षेत्रात मोटार चालत नाही, सायकलसुद्धा चालत नाही. खासगी मालकीचे जे थोडे तुकडे उरतात, ते बहुतेक नदीकाठच्या सपाटीवर किंवा जुन्या खाणपट्ट्यांच्या रूपात उंच उतारांवर आहेत. घर बांधायला जागा हवी तर ती याच तुकड्यांत शोधावी लागते, आणि त्यातला बराच भाग हिमस्खलनाच्या किंवा पुराच्या वाटेवर येतो.

भूवर्णन : काउंटी सान हुआन पर्वतात वसली आहे. हे डोंगर ज्वालामुखींचे आहेत. सुमारे २.८ कोटी वर्षांपूर्वी इथे एक मोठा ज्वालामुखी फुटून खचला आणि विस्तीर्ण कुंड तयार झाले, सुमारे २.३ कोटी वर्षांपूर्वी त्याच्याच पोटात दुसरे, लेक सिटीचे कुंड तयार झाले. नंतर त्याचा तळ खालून फुगून वर आला. रेडक्लाउड आणि सनशाइन ही शिखरे या फुगवट्यावर आहेत. हेन्सन क्रीक हा ओढा आणि गनिसन नदीला मिळणारा लेक फोर्क हा फाटा, दोघेही कुंडाच्या कडेच्या भेगेला धरून गोलाकार वाहतात आणि लेक सिटीजवळ एकत्र येतात. त्याच भेगांतून वर आलेल्या उष्ण पाण्याने खडकांत चांदी, शिसे आणि सोन्याच्या शिरा भरल्या. काउंटीचा पुढचा इतिहास या शिरांवर बेतलेला आहे.

१४,००० फुटांवरची (सुमारे ४,२६७ मी.) पाच शिखरे काउंटीत आहेत: अनकम्पाग्रे (सुमारे १४,३०९ फूट, सान हुआनमधील सर्वोच्च), हँडीज, रेडक्लाउड, वेटरहॉर्न आणि सनशाइन. सनशाइनची उंची अवघी १४,००१ फूट धरली जाते. त्यामुळे राज्यातील ‘चौदा हजारी’ शिखरांच्या यादीत ते तळाशी असते. लेक सिटीच २,६४० मी. उंचीवर आहे.

खंडीय जलविभाजक काउंटीच्या मध्यातून घोड्याच्या नालेसारखा वळून जातो. नालेच्या आत उगम पावणारी रिओ ग्रांदे पूर्वेकडे, मेक्सिकोच्या आखाताकडे निघते. नालेच्या उत्तरेचे पाणी लेक फोर्कमधून गनिसनला आणि पुढे कोलोरॅडो नदीला मिळते. दक्षिणेकडच्या पिएद्रा आणि लॉस पिनोस सान हुआन नदीमार्गे त्याच कोलोरॅडोला जातात, पण फार लांबच्या वळणाने. माणसांचीही अशीच फाटाफूट झालेली आहे. दक्षिणेच्या भागातून लेक सिटीच्या कचेरीत यायचे तर काउंटीच्या आतून रस्ता नाही. शेजारच्या काउंट्यांतून मोठा वळसा घालावा लागतो.

स्लमगलियनची दरड : लेक सिटीच्या दक्षिणेला डोंगराचा एक पिवळसर पट्टा खाली ओघळलेला दिसतो. सुमारे ७०० वर्षांपूर्वी इथला उतार घसरला, चिखलमातीचा लोट दरीत उतरला आणि लेक फोर्क अडला. त्यामागे साठलेले पाणी म्हणजे सान क्रिस्तोबल सरोवर. नैसर्गिक सरोवरांत राज्यात त्याचा दुसरा क्रमांक लागतो. सुमारे ३०० वर्षांपूर्वी जुन्या लोटाच्या अंगावरून दुसरा लोट निघाला, तो अजून थांबलेला नाही. मधल्या भागात त्याचा वेग वर्षाला सहा मीटरपर्यंत जातो, म्हणजे दिवसाला साधारण दीड सेंटिमीटर.

कारण खडकात आहे. ज्वालामुखीच्या राखेचा खडक उष्ण, आम्लयुक्त पाण्याने कुजून त्याची चिकणमाती झाली. ही माती पाणी पिते, फुगते आणि निसरडी होते. वसंतात बर्फ वितळून पाणी मुरले की वेग वाढतो, हिवाळ्यात मंदावतो. याहून बारीक गोष्ट मोजणीत आढळली आहे: हवेचा दाब दिवसातून ठरावीक वेळी किंचित कमी-जास्त होतो, आणि दाब उतरला की दरड थोडी अधिक सरकते. दाब घटल्यावर मातीतील हवा व पाणी वर सरकतात, आणि घसरणीच्या तळावरचे घर्षण कमी होते, अशी त्याची उपपत्ती आहे.

सरकत्या भागावरची झाडे ओळखता येतात. खोड तिरके झालेले असते आणि शेंडा पुन्हा सरळ वर वळलेला असतो. काही झाडे दोन-तीनदा कललेली, म्हणून नागमोडी. स्थिरावलेल्या जुन्या भागावरची झाडे मात्र उंच आणि सरळ आहेत. राज्यमार्ग १४९ या जुन्या भागावरूनच नेलेला आहे. पावसानंतर सरकत्या भागावर पाय घालू नये. वरची साल वाळलेली दिसते, पण खाली भेगा आणि घोट्याच्या वर रुतवणारा गाळ असतो.

इतिहास : हा प्रदेश यूट या मूलनिवासी लोकांचा. उन्हाळ्यात ते शिकारीसाठी उंचावर येत आणि हिवाळ्यात खालच्या खोऱ्यांत उतरत. १८७१ मध्ये हॅरी हेन्सन आणि त्याच्या साथीदारांना हेन्सन क्रीकवर यूट आणि यूले या शिरा सापडल्या, पण जमीन यूटांची असल्याने खाण काढणे बेकायदा होते. सप्टेंबर १८७३ च्या ब्रूनो करारात यूटांनी सान हुआनचा मोठा पट्टा, सुमारे ३७ लाख एकर, सोडून दिला. करारावर अमेरिकी काँग्रेसची मोहोर एप्रिल १८७४ मध्ये उमटली, पण कोलोरॅडो प्रदेशाच्या विधिमंडळाने हिन्सडेल काउंटी १० फेब्रुवारी १८७४ लाच स्थापून टाकली होती. घाई कसली होती ते उघड आहे. १८८१ मध्ये अनकम्पाग्रे यूटांना युटामध्ये हलवण्यात आले.

काउंटीला जॉर्ज ए. हिन्सडेल या राजकारण्याचे नाव दिले. १८७४ मध्येच एनॉस हॉचकिस हा ओटो मियर्सच्या टोल रस्त्याचे काम करत असताना त्याला सरोवराकाठी सोन्याची शीर मिळाली; तीच पुढची गोल्डन फ्लीस खाण. १८७५ मध्ये मुख्यालय सान हुआन सिटीहून लेक सिटीला आले आणि ‘सिल्व्हर वर्ल्ड’ हे वृत्तपत्र निघाले. १८७७ चे न्यायालय अजून वापरात आहे. त्याच वर्षी स्त्रियांच्या मताधिकारासाठी सुझन बी. अँथनी यांनी लेक सिटीत भाषण केले. गर्दी आत मावेना म्हणून सभा न्यायालयाबाहेर घ्यावी लागली.

या न्यायालयात १८८३ मध्ये चाललेल्या एका खटल्यामुळे काउंटीचे नाव देशभर झाले. अल्फर्ड पॅकर हा वाटाड्या पाच जणांना घेऊन ९ फेब्रुवारी १८७४ रोजी, काउंटी स्थापन होण्याच्या आदल्या दिवशी, यूट प्रमुख यूरे याच्या छावणीजवळून निघाला. हिवाळा सरेपर्यंत थांबा, असे यूरेने बजावले होते. एप्रिलमध्ये पॅकर एकटाच यूटांसाठीच्या लॉस पिनोस या सरकारी ठाण्यावर पोचला. ऑगस्टमध्ये पाच प्रेते आजच्या लेक सिटीजवळ सापडली. सोबत्यांना मारून त्यांचे मांस खाल्ल्याचा आळ पॅकरवर आला. पॅकर तुरुंगातून निसटला, नऊ वर्षांनी वायोमिंगमध्ये पकडला गेला आणि त्याला फाशीची शिक्षा झाली. कायद्यातील त्रुटीमुळे ती रद्द झाली. १८८६ मध्ये गनिसनला पुन्हा खटला होऊन ४० वर्षांची शिक्षा मिळाली. १९०१ मध्ये तो पॅरोलवर सुटला आणि १९०७ मध्ये वारला. काउंटीत डेमोक्रॅट सातच होते आणि त्यातले पाच तू खाल्लेस, असे न्यायाधीश म्हणाले, ही गोष्ट सर्रास सांगितली जाते. निकालपत्रात तसे काही नाही.

खाणींचा हिशेब सरळ होता. खनिज भरपूर, पण बहुतांश हलक्या प्रतीचे. खेचरांवर किंवा गाड्यांवर लादून ते डोंगराबाहेर काढण्यातच किंमत संपे. म्हणून पहिली लाट ओसरली आणि १८८० मध्ये १,४८७ असलेली वस्ती १८९० मध्ये ८६२ वर आली. १८८९ मध्ये डेन्व्हर अँड रिओ ग्रांदे कंपनीची नॅरो गेज शाखा सापिनेरोहून लेक सिटीपर्यंत, सुमारे ५८ किमी., आली. वाहतूक स्वस्त होताच हलके खनिजही परवडू लागले. १८९३ मध्ये चांदीचे भाव कोसळले, पण गोल्डन फ्लीसमध्ये सोने होते आणि यूट-यूलेमध्ये शिसे, त्यामुळे काउंटी तगली. त्याच साली पूर्वेचा काही मुलूख तोडून मिनरल काउंटीला दिला गेला.

मार्च १८९९ मध्ये यूट-यूले आणि हिडन ट्रेझर खाणींतील इटालियन कामगारांनी संप केला. अविवाहितांनी कंपनीच्याच खानावळीत राहावे-जेवावे, या सक्तीवरून तो पेटला. कामगारांनी बंदुका घेऊन वाट अडवली, राज्यपालांनी सैन्य धाडले आणि इटालियन वकिलातीचा प्रतिनिधी मध्यस्थीला आला. तोडगा असा निघाला, की अविवाहितांनी तीन दिवसांत आणि कुटुंबवाल्यांनी साठ दिवसांत काउंटी सोडावी. दोन खाणींचा वाद मिटवण्यासाठी एका अख्ख्या समाजाला हद्दपार केले गेले. याला तोडगा म्हणणे तसे अवघडच आहे.

लोकसंख्या : १९०० च्या गणनेत १,६०९ माणसे नोंदली गेली, हा आजवरचा उच्चांक. पुढे शिरा संपत गेल्या. १९१० मध्ये ६४६, १९३० मध्ये ४४९. १९३३ मध्ये रेल्वे बंद झाली. १९५० मध्ये २६३ आणि १९७० मध्ये २०२, म्हणजे शिखराच्या आठव्या हिश्श्याएवढी वस्ती उरली. तिथून आकडा वळला: १९८० मध्ये ४०८, २००० मध्ये ७९०, २०१० मध्ये ८४३ आणि २०२० मध्ये ७८८. ही दुसरी वाढ खनिजाची नाही. निवृत्त लोक, सुट्टीची घरे आणि त्यांच्यासोबत आलेली बांधकामे, खाणावळी व दुकाने यांची आहे.

मात्र हे आकडे जपून वाचावेत. जनगणनेचा संदर्भदिन १ एप्रिल आणि नोंद होते ती नेहमीच्या राहत्या ठिकाणी. एप्रिलमध्ये इथे बर्फ असतो आणि बरीचशी घरे कुलूपबंद. टेक्सास-ओक्लाहोमाच्या उन्हाळ्याला कंटाळून कित्येक पिढ्या इथे येणारी कुटुंबे आपापल्या राज्यात मोजली जातात. जून ते सप्टेंबर प्रत्यक्ष वस्ती नोंदलेल्या आकड्याच्या कित्येक पट होते. रस्ते, कचरा, रुग्णवाहिका, डोंगरातले शोधकार्य यांची तयारी त्या गर्दीच्या मापाची ठेवावी लागते. हिवाळ्यात ती चालवायला माणसे मात्र मोजकीच उरतात.

हिवाळ्यातला मोठा धोका हिमस्खलनाचा. मार्च २०१९ मध्ये सलग हिमवादळांनंतर शतकभर न हललेले उतारही सुटले. एका लोटाने शेरीफचे घर उद्ध्वस्त केले, आतली माणसे बचावली. हेन्सन क्रीकच्या दरीत मोडलेल्या झाडांचे आणि बर्फाचे ढिगारे साचले. बर्फ वितळताना ही लाकडे जुन्या हिडन ट्रेझर धरणाशी अडून पाणी तुंबेल आणि मग एकदम फुटून गावावर येईल, या भीतीने ते धरण उन्हाळ्याआधीच फोडून मोकळे केले गेले.

दळणवळण आणि प्रवास : काउंटीतून जाणारा डांबरी राज्यमार्ग एकच, १४९. उत्तरेला गनिसन लेक सिटीपासून सुमारे ८८ किमी., आणि जवळचे मोठे रुग्णालयही तिथेच. दक्षिणेला स्लमगलियन खिंड (सुमारे ११,५३० फूट) व जलविभाजकावरची स्प्रिंग क्रीक खिंड ओलांडून क्रीड या गावाला जाता येते.

लेक सिटी, सिल्व्हरटन आणि यूरे या गावांना जोडणारा अल्पाइन लूप हा सुमारे १०५ किमी.चा कच्चा फेरा जुन्या खाणरस्त्यांवरचा आहे. त्यातल्या एंजिनिअर (सुमारे १२,८०० फूट) आणि सिनॅमन (सुमारे १२,६४० फूट) या खिंडींतील बर्फ साधारण जूनपर्यंत हटतो आणि ऑक्टोबरमध्ये वाट पुन्हा बंद होते. खिंडींसाठी उंच तळाची चारचाकी-चालनाची गाडी लागते. साध्या मोटारीने लेक सिटीच्या बाजूने काही अंतर जाता येते, त्यापुढे नाही. उतारावर सतत ब्रेक दाबल्याने ते तापून निकामी होतात, म्हणून खालच्या गिअरमध्येच उतरावे. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची असते. इंधन फक्त गावांत मिळते आणि दऱ्यांत मोबाइलला रेंज नसते.

पायी चढणाऱ्यांत रेडक्लाउड आणि सनशाइन एका दिवसात जोडून केली जातात. हँडीजची सोपी वाट अमेरिकन बेसिनमधून, अनकम्पाग्रेची नेली क्रीकवरून. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी वीज कोसळते आणि वृक्षरेषेच्या वर आडोसा नसतो. त्यामुळे पहाटे निघून बाराच्या आत शिखरावरून खाली यायचे, हा इथला रिवाज आहे. सपाटीवरून थेट आलेल्याने लेक सिटीत दोन रात्री काढल्याशिवाय चढाईला निघू नये. डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली तर औषध शोधत बसण्यापेक्षा ताबडतोब खाली उतरावे.