राखाडी भिंत किती प्रकाश खाते?

पावसाळा सरत आला की बडोद्याच्या मराठी घरांत दिवाळीच्या रंगकामाची बोलणी सुरू होतात. गेली काही वर्षं ती एकाच प्रश्नावर अडतात: पांढरा की ग्रे? ग्रेवाल्यांचं म्हणणं ठरलेलं असतं. पांढरा मळतो, पोरांच्या हातांचे डाग दिसतात, आणि फिका ग्रे तर दोनच शेड गडद. तेवढ्यानं काय फरक पडतो? मळण्याचं त्यांचं म्हणणं खरं आहे. पण ‘तेवढ्यानं काय फरक पडतो’ हे साफ चूक आहे. ते का चूक आहे हे समजून घ्यायचं तर आधी रंगाच्या डब्यात डोकवायला हवं.

आजच्या पांढऱ्या इमल्शनमध्ये पांढरेपणा आणणारा मुख्य पदार्थ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. तो ज्या खनिजापासून काढतात ते इल्मेनाइट चक्क काळं असतं. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावरची काळी वाळू त्यासाठीच प्रसिद्ध आहे, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही ते सापडतं. शुद्ध केलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा एकेक स्फटिक मात्र पांढरा नसतो. तो जवळजवळ पारदर्शक असतो. पांढरेपणा येतो तो गर्दीतून. या स्फटिकाचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो ते सांगणारा आकडा) सुमारे २.७ आणि त्याला धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकसारख्या बंधकाचा सुमारे १.५. दोघांत एवढी तफावत असल्यामुळे प्रत्येक कणापाशी प्रकाश वळतो, विखुरतो. कणांचा आकार मुद्दाम पाव मायक्रोमीटरच्या आसपास ठेवलेला असतो. दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्मा, कारण त्याच आकाराला प्रकाश सर्वांत जोरात विखुरतो.

ही तफावत किती महत्त्वाची आहे ते चुन्यात दिसतं. भिंतीला चुन्याचा हात मारला की ओला असताना तो काहीच झाकत नाही, खालचे डाग स्पष्ट दिसत राहतात. दुसऱ्या दिवशी तीच भिंत पांढरीशुभ्र. चुन्यापासून बनणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटचा अपवर्तनांक सुमारे १.६ आणि पाण्याचा १.३३, म्हणून ओलेपणी तफावत थोडी. पाणी उडून कणांमधल्या फटींत हवा शिरली की दुसरा आकडा १ वर येतो, तफावत वाढते आणि भिंत उजळते.

आता खरी गंमत. इमल्शनचे दोन हात वाळल्यावर जो थर उरतो तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ असतो. पण त्यात शिरलेला प्रकाश सरळ परत येत नाही. या कणावरून त्या कणावर, पुन्हा मागे, पुन्हा आडवा, अशी कित्येक वळणं घेऊन तो बाहेर पडतो. त्या वाटेत काजळीचे, म्हणजे काळ्या स्टेनरचे, थोडेसे कण ठेवले तर प्रकाशाची त्यांच्याशी गाठ एकदा नाही, पुन्हा पुन्हा पडण्याची शक्यता असते. म्हणून पांढऱ्यात काळ्याचे पहिले थेंब फार महागात पडतात.

याचं गणित पॉल कुबेल्का आणि फ्रांझ मुंक यांनी १९३१ मध्ये मांडलं. जाड, अपारदर्शक थराचं परावर्तन ‘प’ मानलं (सगळा प्रकाश परत आला तर १), तर शोषण भागिले विखुरणं ही राशी (१ − प)² ÷ २प इतकी येते. आकडे घालून बघा. ९० टक्के परावर्तनाला ती सुमारे ०.००५६, ८० टक्क्यांना ०.०२५, ५० टक्क्यांना ०.२५. यातलं शोषण स्टेनरबरोबर सरळ प्रमाणात वाढतं. म्हणजे ९० वरून ५० वर यायला जेवढा काळा स्टेनर लागेल, त्याच्या जेमतेम तेराव्या हिश्श्यातच पहिले दहा टक्के गेलेले असतात. सरळ हिशोबानं त्याला चौथा हिस्सा लागायला हवा होता. सूत्र डोक्यावरून गेलं तरी हरकत नाही. जुने रंगारी स्टेनर थेंबाथेंबानं का टाकतात याचं उत्तर त्यात आहे.

थराच्या आत जे घडतं तेच मोठ्या मापात खोलीत घडतं. खिडकीतून आलेला प्रकाश भिंतीवर पडतो, तिथून समोरच्या भिंतीवर, तिथून छतावर. चांगला पांढरा रंग दर वेळी साधारण ८५ टक्के प्रकाश परत पाठवतो, फिका ग्रे साधारण ६०. पहिल्या परावर्तनानंतर फरक ८५ आणि ६० एवढाच. दुसऱ्यानंतर ७२ आणि ३६. तिसऱ्यानंतर ६१ आणि २२. चौथ्यानंतर ५२ आणि १३, म्हणजे चौपट. हे चक्रवाढ व्याज आहे, फक्त ते आपल्या खात्यातून वजा होत जातं.

खऱ्या खोलीत फरशी, कपाटं, पडदे असतात, त्यामुळे फरक इतका तीव्र राहत नाही. पांढऱ्या भिंतींच्या खोलीचं सरासरी परावर्तन ६० टक्के आणि फिक्या ग्रे भिंतींच्या खोलीचं ४८ टक्के धरलं, तर सगळ्या परावर्तनांची बेरीज मूळ प्रकाशाच्या अनुक्रमे १५० आणि ९२ टक्के येते. म्हणजे भिंतींवरून परत मिळणारा हा उसना प्रकाश पांढऱ्या खोलीत दीडपटीहून जास्त. रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या जुन्या घरांत याचं महत्त्व फार आहे. ही घरं समोरून अरुंद, आत खोल, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून. माजघरात सूर्य कधी थेट येतच नाही. तिथला दिवसाचा सगळा उजेड दोन-तीन भिंतींवरून आलेला असतो. अशा माजघराला ग्रे देणं म्हणजे भर दुपारी ट्यूबलाइट लावणं. माझं या बाबतीत मत पक्कं आहे: तिथे पांढराच हवा.

मग शेड कार्डावर ग्रे एवढा निरुपद्रवी का दिसतो? कारण डोळा प्रकाश सरळ प्रमाणात मोजत नाही. काळा आणि पांढरा यांच्या बरोबर मधला वाटणारा राखाडी प्रत्यक्षात फक्त १८ टक्के प्रकाश परत पाठवतो. डोळ्याला जाणवणाऱ्या उजळपणाच्या शंभराच्या मापावर ८५ टक्क्यांचा पांढरा ९४ वर बसतो आणि ६० टक्क्यांचा ग्रे ८२ वर. म्हणून कार्डावर ‘दोनच शेड’. कंपनी शेडला प्रकाश-परावर्तनाचा आकडा देत असेल (एलआरव्ही नावानं तो विचारायचा), तर डोळ्यापेक्षा त्याच्यावर भरवसा ठेवावा.

राखाडी हा राहूचा रंग, बैठकीत नको, असंही सांगणारे भेटतात. याला कसलाही आधार नाही. खोली उदास वाटत असेल तर त्याचं कारण वर मांडलेल्या गुणाकारात आहे, आणि ते कोणालाही मोजता येतं. दुसरा गैरसमज जास्त शिकलेल्या लोकांतही आढळतो: आतून पांढरा रंग दिला की खोली थंड राहते. भिंत आणि छत तापून आत जी उष्णता टाकतात ती अवरक्त किरणांच्या रूपात, आणि त्या किरणांसाठी पांढरा काय, राखाडी काय, दोन्ही रंग सारखेच; दोघांचीही उत्सर्जनक्षमता, म्हणजे उष्णता किरणांतून बाहेर टाकण्याची क्षमता (कमाल १), ०.९ च्या आसपास. जॉन लेस्ली यांनी गरम पाण्याच्या धातूच्या पेटीवर १८०४ च्या सुमारास हेच दाखवलं होतं. चकचकीत धातूची बाजू वेगळी वागली, काजळी लावलेली आणि कागद चिकटवलेली बाजू जवळपास सारख्याच. गारव्यासाठी पांढरा हवा तो गच्चीवर, जिथे ऊन थेट पडतं. अहमदाबादेत २०१७ पासून छपरांना पांढरा लेप देण्याची मोहीम झाली ती यासाठीच. आतल्या भिंतीसाठी ‘थंडावा देणारा’ म्हणून जास्त पैसे मागितले तर देऊ नयेत.

ग्रेची जागा आहेच. पश्चिमेला मोठी काच असलेल्या नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मे महिन्याच्या दुपारी पांढऱ्या भिंती डोळ्यांना खुपतात. तिथे एक-दोन भिंती ग्रे कराव्यात, छत पांढरंच ठेवावं. ज्या भिंतीत खिडकी आहे ती मात्र ग्रे करू नये. उजळ काचेशेजारी गडद भिंत आली की दोघांतला उजेडाचा फरक वाढतो आणि डोळे जास्त दिपतात. आणि शेड ठरवण्याआधी दोन फुटांच्या जाड पुठ्ठ्यावर दोन हात मारून तो पुठ्ठा त्याच भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी आणि रात्रीच्या दिव्यात बघावा. उत्तरेच्या खिडकीतून येणारा आकाशाचा प्रकाश निळसर असतो, पिवळ्या एलईडीचा तांबूस, आणि ग्रेला स्वतःचा ठसठशीत रंग नसल्यानं तो बदल त्याच्यावर चटकन दिसतो. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली आवडलेला ग्रे घरी निळा किंवा जांभळट दिसला, तर रंगाऱ्याशी भांडण्याआधी खोलीतला दिवा बदलून बघा.