पडलेला दात उंदरालाच का?

पहिला दात पडला की तो शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर भिरकावायचा, नाहीतर उंदराच्या बिळात टाकायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. मागणं एवढंच: माझा दात घे, तुझा दात दे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, कुरतडून कुरतडून झिजवले नाहीत तर त्याचं त्यालाच खाणं मुश्कील होतं. असले दात कुणाला नकोत? जपानमध्ये खालचा दात छपरावर आणि वरचा जमिनीखाली टाकतात, म्हणजे नवा दात त्या दिशेनं सरळ येतो म्हणे.

या व्यवहारात पैसा कुठेच नाही. दाताच्या बदल्यात दात, हिशेब मिटला.

दुसरीकडे दात उशीखाली ठेवायचा आणि सकाळी त्या जागी भेटवस्तू सापडायची. अशा भेटवस्तूची सगळ्यात गाजलेली कथा माद्रिदच्या राजवाड्यातली. स्पेनचा तेरावा आल्फोन्सो जन्मतःच राजा, कारण वडील त्याच्या जन्माआधीच वारले होते. 1894 मध्ये, तो आठ वर्षांचा असताना, त्याच्या पडलेल्या दातावर गोष्ट लिहून देण्याचं काम लुइस कोलोमा या जेझुइट पाद्र्याकडे आलं. दात नेणारा उंदीर स्पेनमध्ये आधीपासून होताच, कोलोमाने त्याला पत्ता आणि पोशाख दिला. डोक्यावर गवती टोपी, सोन्याचा चष्मा, पाठीवर लाल पिशवी. मुक्काम राजवाड्याजवळच्या आरेनाल रस्त्यावर, मिठाईच्या दुकानातल्या बिस्किटांच्या डब्यात. हा उंदीर पेरेझ शेपटीचं टोक बालराजाच्या नाकात घालतो. राजाला शिंक येते आणि तोही उंदीर होतो. मग दोघं मिळून एका गरीब मुलाचा दात आणायला जातात. त्या घरातलं दारिद्र्य राजा पहिल्यांदाच पाहतो.

सगळी माणसं भाऊभाऊ, हे राजाला शिकवायचा कोलोमाचा हेतू होता. पण गरिबाच्या उशीखाली सोन्याचं नाणं येतं आणि राजाच्या उशीखाली हिऱ्यांनी मढवलेलं राजचिन्ह! इतपत समता त्या काळच्या दरबाराला चालली असावी.

इंग्रजी मुलांची ‘टूथ फेअरी’, म्हणजे दात नेऊन भेट ठेवणारी परी, ऐकायला पुराणातली वाटते, पण छापील उल्लेखांपुरतं बोलायचं तर वयानं फारच लहान. 1908 मध्ये ‘शिकागो डेली ट्रिब्यून’च्या घरगुती सूचनांच्या सदरात आयांना सल्ला आला होता. हलणारा दात काढू न देणारं हट्टी मूल परीचं नाव ऐकून कबूल होतं, तेव्हा पाच-पाच सेंटांच्या वस्तू घरात आणून ठेवा. म्हणजे परी आली ती दात ओढण्याच्या सोयीसाठी, आणि बाजारातून.

माद्रिदला आरेनाल रस्त्यावर 8 क्रमांकाच्या इमारतीवर आज महापालिकेची पाटी आहे. थोरामोठ्यांच्या घरांवर लावतात तशीच: इथे, बिस्किटांच्या डब्यात, उंदीर पेरेझ राहत होता.