मिल लॅक्सचा वॉलआय : परत सोडलेल्या माशाचा हिशेब

दरवर्षी मार्चच्या सुमारास अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मिल लॅक्स सरोवराचे नवे नियम जाहीर होतात आणि गळ टाकणाऱ्यांमध्ये तोच प्रश्न फिरू लागतो : यंदा वॉलआय, हा इथला गोड्या पाण्यातला खाण्याचा मासा, घरी नेता येणार का, आणि किती? उत्तर एका आकड्यावर ठरतं. सरोवराला न दुखवता वर्षभरात एकूण किती पौंड वॉलआय मेलेला चालेल, हा तो आकडा. त्यात ताटात गेलेले मासे येतात, ओजिब्वे या मूलनिवासी जमातींच्या जाळ्यांत आलेले येतात, आणि कुणीच न नेलेलेही येतात. ही तिसरी रक्कम बहुतेकांना पटत नाही. गेल्या दशकातले सगळ्यात कडू वाद तिच्यावरूनच झाले, म्हणून या टिपणात तिला जास्त जागा दिली आहे.

सरोवर मोठं, पण उथळ. क्षेत्रफळ ५०० चौरस किलोमीटरहून अधिक आणि खोली जास्तीत जास्त ४२ फूट. दक्षिणेकडच्या मिनियापोलिस-सेंट पॉल या जुळ्या शहरांतून गाडीनं दोन तासांच्या आत पोचता येतं, म्हणून शनिवार-रविवारी इथे गळ टाकायला येणाऱ्यांची गर्दी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. हिवाळ्यात बर्फावर हजारो झोपड्या उभ्या राहतात. काठावरची धर्मशाळावजा रिसॉर्टं, आमिषाची दुकानं, तीस-तीस जणांना घेऊन जाणाऱ्या लाँचेस हे सगळं एकाच माशावर उभं राहिलं. हा मासा १९६५ पासून राज्याचा अधिकृत मासा आहे.

हक्कांची गोष्ट १८३७ पासून सुरू होते. त्या वर्षीच्या तहात ओजिब्वे जमातींनी मोठा मुलूख अमेरिकी सरकारला दिला, पण शिकार, मासेमारी आणि रानभात गोळा करण्याची मुभा त्याच मुलखात राखून ठेवली. तहात या मुभेला ‘राष्ट्राध्यक्षांची मर्जी असेतोवर’ अशी शेपटी होती. पुढे १८५० मध्ये ती मुभा काढून घेणारा आणि जमातींना हलवण्याचा आदेश निघाला, १८५५ मध्ये दुसरा तह झाला, १८५८ मध्ये मिनेसोटा राज्य झालं. या तिन्ही टप्प्यांवर जुना हक्क संपला, असं राज्याचं म्हणणं होतं. १९९० मध्ये मिल लॅक्सची ओजिब्वे जमात न्यायालयात गेली. तडजोडीचा एक मसुदा १९९३ मध्ये तयार झाला होता, तो विधिमंडळानं फेटाळला. शेवटी मार्च १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार अशा मतांनी हक्क शाबूत असल्याचा निकाल दिला.

इथे एक शब्द नीट समजून घ्यायला हवा, कारण इंग्रजी बातम्यांतून तो निसटतो. जमातींना मिळालं ते सरोवर नव्हे. मिळाला तो उपभोगाचा हक्क. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे : वहिवाट. जमीन दुसऱ्याच्या नावावर गेली तरी त्यातून जाण्याची, पाणी भरण्याची, फळ उतरवण्याची वहिवाट राहू शकते, हे गावाकडच्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. काठावरच्या पुष्कळ लोकांनी मात्र या निकालाकडे ‘त्यांना खास सवलत मिळाली’ म्हणून पाहिलं. सवलत देणाऱ्याला काढून घेता येते. इथे जमातींनी आपलं जे होतं त्यातलंच थोडं देताना मागे ठेवलं होतं. न्यायालयात जिंकायला हा फरक पुरला, काठावरची मनं वळवायला पुरला नाही.

निकालाच्या आगेमागे व्यवस्था बसली ती अशी. आठ जमातींचे आणि राज्याचे मत्स्यशास्त्रज्ञ हिवाळ्यात एकत्र बसतात, शरदातल्या जाळे-पाहणीचे आकडे समोर ठेवतात आणि वर्षाची सुरक्षित उचल ठरवतात. मग तिचे दोन वाटे होतात. २०१२ मध्ये ही उचल ५ लाख पौंड होती. २०१३ मध्ये अडीच लाख. २०१४ मध्ये ६० हजार. २०१५ मध्ये ४० हजार पौंड, त्यात राज्याच्या परवान्यावर गळ टाकणाऱ्यांना २८,६०० आणि जमातींना ११,४००. तीन वर्षांत आकडा साडेबारा पटींनी खाली आला. सरोवराच्या काठी त्याचा अर्थ पाटीवर लिहिलेला दिसला : ३ ऑगस्ट २०१५ च्या रात्री दहा वाजता वॉलआयची मासेमारी ऐन हंगामात बंद.

आता ती तिसरी रक्कम.

गळाला लागलेला मासा सोडून दिला की तो वाचला, असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण काही मासे पोहत जातात आणि नंतर मरतात. गळ घशात खोल गेला असेल, मासा हाताळताना खवले आणि चिकट थर निघाला असेल, किंवा तो खोल पाण्यातून भरकन वर ओढला असेल, तर धोका वाढतो. वॉलआयच्या हवेच्या पिशवीतली हवा पटकन बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे तो फुगलेल्या पोटानं पृष्ठभागावर तरंगत राहतो. सगळ्यात मोठा भाग पाण्याच्या तापमानाचा. मे महिन्यातल्या थंड पाण्यात सोडलेले जवळजवळ सगळे जगतात. जुलैच्या मध्यात, उथळ सरोवर पार तळापर्यंत कोमट झालेलं असताना, मरणाऱ्यांचं प्रमाण कितीतरी वर जातं. कोमट पाण्यात प्राणवायू कमी आणि झुंजीनं दमलेल्या माशाची गरज जास्त, असं ते गणित आहे.

ही मोजणी होते कशी, यावरही खूप संशय घेतला गेला. धक्क्यांवर आणि पाण्यावर फिरणारे कर्मचारी बोटी मोजतात, परतलेल्यांना विचारतात : किती तास बसलात, किती मिळाले, किती सोडले, केवढे होते? त्यावरून सरोवरभर सोडलेल्या माशांचा अंदाज निघतो आणि त्या पंधरवड्यातल्या पाण्याच्या तापमानानुसार ठरलेल्या मृत्यूच्या दरानं तो गुणला जातो. मेलेले मासे कुणी वेचून मोजत नाही. गळ टाकणाऱ्याच्या नजरेतून पाहिलं तर त्यानं नियम पाळला, मासा हलक्या हातानं पाण्यात ठेवला, तो शेपूट मारून गेलेला डोळ्यांनी पाहिला, आणि तरी कागदावर त्याच्या नावे काही पौंड चढले. त्याचा राग मला समजतो. पण मोजणी सोडून देणं हा त्यावरचा इलाज नव्हता. जमातींच्या जाळ्यातला प्रत्येक मासा धक्क्यावर मोजला जात होता. दुसऱ्या वाट्यातले न दिसणारे मृत्यू शून्य धरले असते, तर वाटणीला काही अर्थच उरला नसता.

खरी गाठ याच्या पुढे आहे. मासे घटले की राज्य काय करतं? ठेवता येणाऱ्या माशाच्या लांबीची पट्टी अरुंद करतं. २०१३ मध्ये १८ ते २० इंचांमधले दोनच ठेवता येत होते. २०१५ मध्ये १९ ते २१ इंचांमधला फक्त एक, किंवा २८ इंचांहून मोठा एक. पट्टी जितकी अरुंद, तितके एका ठेवलेल्या माशामागे सोडावे लागणारे मासे जास्त. सोडलेल्यांत मोठ्या माद्या असतात, आणि हिशेब नगांवर नाही, वजनावर चालतो. म्हणजे बचतीसाठी केलेल्या नियमानंच खर्चाचा एक रकाना फुगत गेला. २०१६ च्या उघड्या पाण्याच्या हंगामात तर एकही वॉलआय ठेवायला परवानगी नव्हती. वॉलआयसाठी जिवंत आमिषही बंद केलं, कारण किडा किंवा लहान मासा लावला की गळ खोलवर गिळला जातो. तरीही उन्हाळा संपता संपता वाटा भरला. कुणीही मासा नेला नाही आणि वाटा संपला, हे वाक्य काठावरच्या एखाद्या दुकानदाराला समजावून सांगून पाहा. २०१७ च्या जुलैत सोडून देण्याच्या अटीवरची मासेमारीही थांबवली गेली. त्या वर्षीची एकूण उचल आधीपेक्षा वाढवून ६४ हजार पौंड केलेली असूनही हे झालं.

माझ्या मते २०१७ ची जुलैबंदी शास्त्राच्या बाजूनं बरोबर होती आणि सांगण्याच्या बाजूनं फार वाईट. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ती कोळीवाड्यांत वर्षाच्या चालीचा भाग झाली आहे, कारण तारीख आधीपासून ठाऊक असते. बोटी ओढून घेतात, जाळी शिवायला काढतात. मिल लॅक्सला २०१७ ची जुलैतली तीन आठवड्यांची बंदी आधी जाहीर झाली होती, पण आकडा भरत गेला तशी ती ऐन हंगामात ऑगस्टपर्यंत लांबवली गेली. जून महिन्यात आरक्षण घेतलेल्या कुटुंबाला जुलैत काय सांगायचं, हे रिसॉर्ट चालवणाऱ्यांना कळत नव्हतं. २०२० मध्ये जुलैची बंदी हंगामाच्या आधीच जाहीर केली गेली, तेव्हा नाराजी होती, पण फसवल्याची भावना तेवढी राहिली नाही.

या सगळ्या काळात दोष मात्र जाळ्यांवर ठेवला गेला. बर्फ वितळल्यावर, मासे अंडी घालायला किनाऱ्याजवळच्या गोट्यांवर येतात तेव्हा जमातींची जाळी पडतात. ते चित्र बाहेरून पाहणाऱ्याला खटकतं : गाभोळीनं भरलेली मादी जाळ्यात! प्रत्यक्षात त्या जागी नरांची गर्दी असते आणि जाळ्याची आस (भोकांचा आकार) अशी असते की पकडीत मुख्यतः मध्यम आकाराचे नर येतात. प्रश्न असलाच तर वेगळा होता. गळवाल्यांच्या लांबीच्या नियमांनी अनेक वर्षं मोठ्या माद्या राखल्या आणि सगळा भार लहान-मध्यम माशांवर टाकला, म्हणजे बराचसा त्याच नरांवर. दोन्ही बाजूंचे हात एकाच वयाच्या माशांवर पडत राहिले. ही चूक दोघांच्या सहमतीनं झाली होती, आणि ती उशिरा सुधारली गेली.

पण नुसत्या उचलीनं घसरण समजत नाही. सरोवरात अंडी कमी पडत नव्हती. बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, दरवर्षी दिसत होती, पहिल्या शरदात तर भरपूर. दुसरा शरद येईपर्यंत ती नाहीशी होत होती. २०१४ मध्ये बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञांनीही बोट ठेवलं ते याच टप्प्यावर.

कारणं पाण्यात आहेत. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सरोवर हळूहळू स्वच्छ होत गेलं. काठावरच्या घरांचं सांडपाणी आवरलं गेलं हे त्यामागचं एक कारण मानतात. ही चांगलीच गोष्ट होती, फक्त वॉलआयला ती मानवली नाही. त्याचे डोळे अंधुक उजेडासाठी घडलेले. गढूळ पाण्यात त्याची सरशी. पाणी आरपार दिसू लागलं की तो खोल जातो, आणि त्याची पिल्लं दिवसा शिकाऱ्यांच्या नजरेत येतात. २००५ मध्ये झेब्रा शिंपले सापडले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांनी तळावर थर धरला. ते पाणी गाळून सूक्ष्म वनस्पती खातात. २००९ मध्ये काटेरी जलपिसू आला, जो पिल्लांच्या तोंडचा बारीक जीवमात्र फस्त करतो. थंड पाण्यातला, चरबीदार ट्युलिबी मासा हा मोठ्या वॉलआयचा आवडता घास. उन्हाळे तापले तसा तो रोडावला. घास कमी झाला की मोठे मासे लहानांकडे वळतात, स्वतःच्या जातीच्या लहानांकडेसुद्धा. राखून ठेवलेल्या मोठ्या माद्यांचा हा दुसरा हिशेबही होता.

याच बदलानं दुसऱ्या माशाचं फावलं. स्वच्छ पाणी, खडकाळ उंचवटे आणि भरपूर खेकड्यासारखे झिंगे, यांवर लहान तोंडाचा बास इतका पोसला की २०१६ आणि २०१७ मध्ये देशपातळीवरच्या मोठ्या स्पर्धा इथे भरल्या आणि २०१७ मध्ये एका राष्ट्रीय मासिकानं बाससाठी देशातलं पहिल्या क्रमांकाचं सरोवर म्हणून याचं नाव घेतलं. बासवाले मासा सोडून देतात आणि टाळ्या वाजवतात. वॉलआयवाल्यांना तळलेला मासा हवा असतो. एकाच धक्क्यावर उतरणारे हे दोन वेगळे लोक आहेत, आणि बासच्या कीर्तीनं वॉलआयवर जगणाऱ्या जुन्या लाँचेसचा तोटा भरून निघाला नाही.

वॉलआय सावरला तो मुख्यतः २०१३ च्या पिढीमुळे. त्या साली जन्मलेली बोटुकली नेहमीपेक्षा मोठ्या संख्येनं दुसरा हिवाळा पार करून गेली. नंतरच्या कडक वर्षांतली सगळी धडपड ही एक पिढी अंडी घालण्याच्या वयापर्यंत पोचवण्यासाठी होती, आणि ती पोचली. २०१९ च्या मे महिन्यात, थंड पाण्याच्या त्या तीन आठवड्यांत, २१ ते २३ इंचांमधला एक मासा ठेवायची मुभा परत मिळाली. जूनपासून पुन्हा सोडून देणं. महिना मुद्दाम निवडला होता. पुढे, मध्येच जुलैबंदी आली तरी, अटी टप्प्याटप्प्यानं सैल होत गेल्या.

आज तिथे जाणाऱ्याला मे-जूनमध्ये गळाला वॉलआय लागण्याची शक्यता चांगली आहे, आणि ती दिवस मावळताना किंवा वाऱ्यानं पाणी ढवळलेलं असताना जास्त. पण मासे पटापट लागतात म्हणजे मासे पुष्कळ आहेत, असं धरू नये. पर्च आणि ट्युलिबी हे त्याच्या खाण्यातले मासे कमी असतील तर भुकेलेला वॉलआय कुठल्याही आमिषावर झडप घालतो, आणि सरोवरातले मासे आटत असतानाही हातात भरभरून मासे येतात. २०१५ च्या बंदीआधी अनेकांना असाच अनुभव आला होता. ‘मासे इतके लागतायत, मग बंदी कशाला?’ हा त्या वेळचा सवाल खोटा नव्हता, त्याचं उत्तर फक्त उलट दिशेला होतं.

म्हणून पुढच्या हंगामाचा अंदाज धक्क्यावरच्या गप्पांपेक्षा शरदातल्या जाळे-पाहणीवरून बांधावा. १९८३ पासून त्याच पद्धतीनं, किनाऱ्याजवळ ३२ ठिकाणी आणि पुढे खोल पाण्यात आणखी २० ठिकाणी जाळी टाकली जातात. त्यात पहिल्या वर्षाची बोटुकली किती, हे वाचून हुरळून जाऊ नये. त्याच पिढीचा पुढच्या शरदातला आकडा पाहावा. सोबत पर्चचा रकाना.